पांढरे दाणे आणि मच्छिंद्रची घाई

...आणि वर म्हणे, हळू सुटतं. आता तुम्हीच सांगा, या जगात हळू सुटणारी वस्तू कुठली? एसटी सुटते ती आपण स्टँडवर पोचायच्या आत, नळाचं पाणी सुटतं ते बादली लावेपर्यंत जातं, आणि ही एक पिशवी निघाली हळू सुटणारी. बरं निघाली तर निघाली, ती द्यायची कुणाला? गावात तीन साडेतीन हजार माणसं, त्यात निम्मी तर अशी की घराला आग लागली तरी आधी चप्पल शोधतील. त्यांच्यापैकी कुणालाही द्यावी. नेमकी मच्छिंद्रला?

तुम्हाला सांगतो, श्रीगोंद्यापासून आठ-दहा किलोमीटरवर त्याची वस्ती. थोडा ऊस, थोडी मका, थोडा चाऱ्याचा घास आणि गोठ्यात आठ गायी. माणूस सोन्यासारखा. कुणाची जीप रुतली तर पहिला धावणार, कुणाकडं लग्न असलं तर मंडपाच्या आधी हजर. पण घाई... काय सांगू तुम्हाला. चहाला उकळी येऊ देत नाही, आधीच गाळतो. स्वतःच्या साखरपुड्याला एक दिवस आधी पोचला होता. सासरे अंगणात गंजीफ्रॉकवर बसलेले, सासूबाई डोक्याला तेल लावताहेत, आणि हा फेटा बांधून दारात उभा. एकदा बायकोला घेऊन शिर्डीला गेला. रांग बघितली, बाहेरूनच कळसाला हात जोडले, आणि दुपारच्या जेवणाला दोघं घरी. लंकाबाई, म्हणजे त्याची बायको, अजून सांगते, की आपलं साईबाबांचं दर्शन व्हायचं राहिलंय म्हणून.

तर झालं काय, पेंड महागली. गोळी पेंड महागली, सरकी पेंड महागली, आणि गायीला काही ते कळत नाही, तिला वेळ झाली की आंबोण पाहिजे. आंबोण म्हणजे भिजवलेली पेंड आणि भरडा हो, घमेल्यात कालवून दूध काढताना पुढं ठेवतात ते. म्हणून मच्छिंद्र गेला श्रीगोंद्याला, फैयाजच्या दुकानात. फैयाज पशुखाद्य विकतो, त्याचे वडीलही विकायचे, आणि सगळ्या तालुक्यातल्या गायी त्याला नावानं माहीत. समजावून सांगायची त्याला भारी हौस. गिऱ्हाईक पोतं उचलून निघालं तरी तो मागून सांगत असतो.

फैयाजनं एक पिशवी काढली. आत पांढरे गोल दाणे, साबुदाण्यासारखे. म्हणाला, हा युरिया. मच्छिंद्र दोन पावलं मागं सरला. युरिया उसाला टाकतात, गायीला कुठं घालतात? फैयाज म्हणाला, पिकाचा न्हाई, ह्यो जनावरांसाठीच केलाय, वरून तेलातुपाचा थर दिलाय त्याला. मग त्यानं स्टूल पुढं ओढलं आणि सुरू केलं. गायीच्या पोटात कोट्यवधी बारीक जंतू असतात. आपण चारा गायीला घालतो असं आपल्याला वाटतं, खरं तर तो त्या जंतूंना घालतो. त्यांना या युरियातून नत्र मिळालं की ते त्याचं प्रथिन बनवतात, आणि ते गायीला मिळतं. म्हणजे काय, तर तेवढी पेंड कमी लागते. पण साधा युरिया पोटात पडला की झटक्यात विरघळतो, जंतूंना तेवढं आवरत नाही, आणि उरलेलं विष होऊन गायीच्या रक्तात जातं. या दाण्यांचं तसं नाही.

"भाऊ, शनिअमावशेला शिंगणापूरला सगळी गर्दी एकदम चौथऱ्यावर सोडली तर काय हुईल?" फैयाज म्हणाला. "चेंगराचेंगरी. आन् तीच रांगेनं सोडली तर? समद्यांचं दर्शन हुतं. ह्यो दाणा रांग लावून सोडतो. हळू सुटतं हे."

आता रांग हा शब्द मच्छिंद्रपुढं काढायचा होता का? पण काढला. पुढं फैयाज सांगत होता, की पहिल्या आठवड्यात गायीमागं एकच छोटा चमचा, मग पंधरा-वीस दिवसांत थोडं थोडं वाढवायचं, पेंड तशीच थोडी थोडी कमी करायची, चारा पोटभर ठेवायचा, लहान वासरांना अजिबात द्यायचं नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दाणा भिजत ठेवायचा नाही, फोडायचा नाही, दळायचा नाही... पण हे शेवटचं तो रस्त्याला सांगत होता. मच्छिंद्रची मोटारसायकल पेट्रोल पंप ओलांडून गेली होती. दम धरील तर तो मच्छिंद्र कसला?

नशीब एवढंच, की पिशवीत कागद होता आणि लंकाबाई कागद वाचणारी बाई. तिनं तो दोनदा वाचला, खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण धुऊन घेतलं, आणि सांगून टाकलं, की हे मी घालणार, तुम्ही हात लावायचा नाही. आठ गायी, आठ झाकणं, पेंडीत नीट कालवून. वासरं पलीकडं बांधली.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मच्छिंद्र बादलीत डोकं घालून बघतो. दूध तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी त्यानं फैयाजला फोन लावला, की अजून काहीच नाही. फैयाज म्हणाला, भाऊ, हळू सुटतं. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. पाचव्या दिवशी सकाळी एक, संध्याकाळी एक. सहाव्या दिवशी फैयाजनं फोन उचलताच, हॅलो नाही, नमस्कार नाही, एकदम "हळू सुटतं" म्हणाला आणि ठेवून दिला. पण फोन मच्छिंद्रचा नव्हताच, निघाला पाण्याची मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याला वाटलं, फैयाजच्या मोटारीचं पाणीच हळू सुटायला लागलं.

त्यात शेजारी रामहरी. हा रामहरी म्हणजे वाईट माणूस नाही हो, पण रोज बांधावर येऊन एकच विचारायचा. वाढलं का? बरं, विचारून निघून जावं, तर तसं नाही. उत्तर मिळेपर्यंत तंबाखू मळत उभा. मच्छिंद्र सांगायचा, वाढंल. रामहरी म्हणायचा, वाढंल म्हंजे वाढलं न्हाई. आता या व्याकरणापुढं माणूस काय बोलणार?

अकराव्या दिवशी सकाळी मच्छिंद्र गव्हाण साफ करायला गेला, आणि कोपऱ्यात त्याला चार दाणे सापडले. कालचे, तसेच्या तसे. त्याच्या मनात आलं, हे विरघळतच नसणार. त्यानं काय केलं, पेलाभर पाणी घेतलं, त्यात ते दाणे टाकले आणि समोर बसला. दहा मिनिटं झाली, दाणे दाणेच. जेवायच्या वेळेला बघितलं, पाणी जरासं गढूळ, दाणे दाणेच. आता फैयाज हेच तर सांगत होता, की ते हळू सुटतं. वस्तू चांगली आहे याचा पुरावा पेल्यात बसला होता. पण मच्छिंद्रला दिसलं काय? की एवढ्यासाठीच दूध वाढत नाही.

दुपारी लंकाबाई बचत गटाच्या मीटिंगला गेली. घरात कुणी नाही. आणि तुम्हाला सांगतो, मच्छिंद्रनं मिक्सर काढला. नव्या भांड्यात दोन मुठी दाणे टाकले. घुर्र केलं. झाकण उघडलं तर पांढरी शुभ्र पूड, पिठीसाखरेसारखी. त्याला इतका आनंद झाला, की एवढी साधी गोष्ट कंपनीला कशी सुचली नाही याचंच त्याला नवल वाटलं. दम धरील तर तो मच्छिंद्र कसला?

आणि ती पूड घातली कुणाला, तर चांदणीला. का, तर सगळ्यात जास्त दूध तिचं, म्हणून फरक लगेच दिसेल. ही चांदणी म्हणजे लंकाबाईची लेकच म्हणा. व्यायल्यावर चौथ्या दिवशी हिची आई गेली, आणि लंकाबाईनं हिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. हाक मारली की शिंगं खाली घालून येणार. त्या चांदणीनं ते आंबोण चाटून पुसून खाल्लं, आणि मच्छिंद्र घड्याळ बघत गोठ्यात बसला.

अर्ध्या तासात फरक दिसला. गाय उठली, बसली, परत उठली. तोंडाला फेस. अंगाचं कातडं थरथरायला लागलं. डावी कूस फुगत गेली, फुगत गेली, ढोलासारखी. श्वास मोठमोठ्यानं. आणि मग पुढचे दोन्ही गुडघे टेकले तिनं. मच्छिंद्रच्या हातातलं घड्याळ कुठं पडलं ते त्याला कळलं नाही. त्यानं चांदणीच्या गळ्याला हात घातला, तिला उठवायला गेला, आणि ती काही उठेना.

त्यानं हाका मारल्या तशी वस्तीवरची माणसं गोळा झाली. रामहरी आला, आणखी पाच-सहा जण आले, आणि मीटिंग सोडून लंकाबाई पळत आली. चांदणीचं तोंड मांडीवर घेऊन बसली.

मच्छिंद्रनं डॉक्टरला फोन लावला. दिशा मॅडम, जनावरांच्या डॉक्टर, पलीकडच्या गावात एका अडलेल्या म्हशीपाशी होत्या. तिथून यायला पाऊण तास. त्यांनी विचारलं, खाऊ काय घातलं? मच्छिंद्र म्हणाला, नेहमीचंच. तेवढ्यात मागं माणसांचं सुरू झालं. कुणी म्हणालं, ती नवीन पिशवी आणलीय ना, तिनंच झालं. रामहरी म्हणाला, फैयाजनं बनावट माल दिला, त्याच्यावर केस करा. दुसरा म्हणाला, केस कशाला, चला दुकानावर, आत्ता जाऊ. दोघांनी तर गाड्यांना किक मारली.

आणि मच्छिंद्र उभा. हातात फोन. तुम्हीच बघा, किती सोपं होतं. गप्प बसायचं, बस. बोट आपोआप दुसरीकडं चाललं होतं. त्या फैयाजनं बापाच्या वेळेपासून गावाला खाद्य पुरवलं, दुष्काळात छावणीवर स्वतः पोती उतरवली, आणि तासाभरात त्याचं दुकान फुटलं असतं.

फोनमध्ये दिशा मॅडम म्हणाल्या, "भाऊ, मला नीट सांगा. दाणा होता तसा दिला, का फोडून दिला? त्यावर औषध ठरणार आहे."

मच्छिंद्रनं लंकाबाईकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती.

"दळला," तो म्हणाला. "मिक्सरमधी. मीच दळला. फैयाजचा काय दोष न्हाई."

ज्यांनी गाड्या चालू केल्या होत्या त्यांनी बंद केल्या. मॅडम म्हणाल्या, व्हिनेगर पाहिजे, चार-पाच लिटर, आणि भरपूर गार पाणी, मी येईपर्यंत तेवढं पाजा, गायीचं तोंड फार वर करू नका, नाहीतर ठसका लागून फुप्फुसात जाईल.

आता व्हिनेगर. शेतकऱ्याच्या घरात व्हिनेगर कुठून येणार? लंकाबाईच्या घरात आंबट म्हणजे चिंच, ताक आणि कैरीचं लोणचं. मेडिकलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, नाही बुवा. किराणावाला म्हणाला, शंभर मिलीची एक बाटली आहे, तीही मागच्या वर्षीची. मग रामहरीच्याच डोक्यात आलं, की चायनीजवाला.

गावच्या स्टँडवर गोरक्षची चायनीजची गाडी. लाल रंगाची, वर ड्रॅगन काढलेला आणि ड्रॅगनच्या वर नवनाथांचा फोटो. आता बघा, आपल्या नगर जिल्ह्यात मच्छिंद्र अडकला म्हटल्यावर सोडवायला कोण येणार? गोरक्षच. मच्छिंद्र गाडी घेऊन असा सुटला, की आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घाईचा कुणाला तरी उपयोग झाला. गोरक्ष कढईत नूडल्स उडवत होता. याला बघून म्हणाला, बसा, हाफ का फुल? मच्छिंद्र म्हणाला, व्हिनेगर दे, हाय तेवढं समदं. गोरक्ष म्हणाला, घरी मंचुरियन करताय का? मच्छिंद्रनं सांगितलं, गाय मरतीय. बस, एवढंच. गोरक्षनं गॅस बंद केला, पाच लिटरचा कॅन उचलला आणि मागं बसला. गिऱ्हाइकं तशीच, काट्याला नूडल्स गुंडाळलेल्या. शेजारच्या रसवंतीवाल्यानं सगळं ऐकलं होतं, त्यानं न मागता बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून आपल्या मोपेडवर टाकली. आणि अर्ध्या प्लेटी हातात घेऊन गिऱ्हाइकंही मागोमाग निघाली, की बघू तरी काय होतंय.

मग सुरू झालं. लंकाबाईनं चांदणीचं तोंड धरलं, गोरक्षनं बाटलीत व्हिनेगर भरून द्यायचं, मच्छिंद्रनं जबड्याच्या कडेनं थोडं थोडं सोडायचं. थोडं थोडं, बरं का. घाईनं ओतलं तर ठसका. एक बाटली. मग थांबायचं, तिनं गिळेपर्यंत. मग दुसरी. मच्छिंद्रच्या कपाळावरून घाम गळतोय, आणि लंकाबाई एकच शब्द बोलतेय. हळू. सगळा गोठा असा आंबट वासाचा झाला, की बाहेर उभ्या गिऱ्हाइकांना परत भूक लागली.

दिशा मॅडम आल्या. त्यांनी तोंडातून पोटात नळी घातली, कोंडलेला वायू काढला, बर्फाचं पाणी सोडलं, शिरेतून औषध दिलं. हात धुतले. मच्छिंद्र पुढं सरकून म्हणाला, आता काय करायचं? मॅडम म्हणाल्या, आता काही नाही. वाट बघायची.

त्यानं परत विचारलं, म्हंजे काय करायचं? मॅडम म्हणाल्या, वाट बघायची म्हणजे वाट बघायची.

आणि तुम्हाला सांगतो, मच्छिंद्र बसला. शेणात, पाण्यात, व्हिनेगरात. चांदणीच्या कुशीवर हात ठेवून. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. उठला नाही, कुणाला फोन केला नाही, किती वाजले विचारलं नाही. तिचा श्वास मोजत राहिला. मधेच लंकाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मला विचारायचं तरी." त्यानं मान हलवली. डोळे भरून आले होते त्याचे, पण हात काढायला तयार नव्हता, म्हणून ते तसेच गळू दिले.

दिवस मावळायला आला तेव्हा चांदणीनं मान उचलली आणि एक ढेकर दिला. असा ढेकर, की रामहरीची तंबाखू हातातून उडाली. मॅडम हसल्या. मग थोड्या वेळानं ती उठून उभी राहिली, पाय जरा लटपटत होते, पण उभी राहिली. आणि मग तिनं तोंड हलवायला सुरुवात केली. रवंथ. लंकाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हमसून रडली. गोरक्ष त्या आनंदात जमलेल्यांना म्हणाला, चला, आज सगळ्यांना फुल प्लेट माझ्याकडून. आणि लगेच आठवून म्हणाला, पण बिनव्हिनेगरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्र फैयाजच्या दुकानात गेला आणि काय झालं ते स्वतःच सांगितलं, गिऱ्हाइकांसमोर. फैयाजनं स्टूल पुढं ओढलं आणि सगळं पहिल्यापासून परत समजावून सांगितलं, शिंगणापूरच्या रांगेसकट. या वेळी मच्छिंद्र शेवटपर्यंत बसला.

चांदणीला मॅडमनी सांगितलं तेवढे दिवस तो दाणा दिला नाही. बाकीच्या सात जणींना लंकाबाई मापाच्या झाकणानं देत राहिली, आणि महिन्याभरात पेंड कमी होऊनही दूध तेवढंच राहिलं, उलट जरासं वाढलंच. मच्छिंद्र इतका बदलला म्हणून सांगू... इतका बदलला, की लोकांना त्याचाच त्रास व्हायला लागला. आता तो सगळ्यांना समजावून सांगतो. चार पोटं कशी, जंतू कसे, थर कसा, घाई का करू नये. भेटेल त्याला धरतो. सोडत नाही.

परवाची गोष्ट. दुधाचे कॅन गाडीला अडकवून हा डेअरीला निघाला. वाटेत एक नवीन गायवाला भेटला आणि त्यानं सहज विचारलं, भाऊ, ते हळू सुटणारं चांगलं असतं का हो? झालं. मच्छिंद्रनं गाडी स्टँडला लावली, बांधावर बैठक मारली, आणि अगदी शांतपणे, एकेक मुद्दा सोडवत, त्याला गायीच्या पोटातून आरपार फिरवून आणलं. डेअरीवर पोचला तेव्हा शटर खाली. टेम्पो दूध घेऊन कधीच गेला होता.

चाळीस लिटर दूध घेऊन मच्छिंद्र घरी आला. लंकाबाईनं कॅन बघितले, त्याच्याकडं बघितलं, आणि मागच्या अंगणात चूल पेटवली. मोठी कढई ठेवली, त्यात दूध ओतलं, त्याच्या हातात लांब दांड्याचं उलथनं दिलं, आणि म्हणाली, खवा करू, हलवत ऱ्हावा, हात थांबला तर करपंल, जाळ वाढवला तरी करपंल.

मच्छिंद्र हलवत बसला. एक तास झाला, दोन तास झाले, तीन तास झाले. दूध आटत आटत कढईच्या तळाशी आलं. त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं. लंकाबाई आली, बोटाच्या टोकावर जरासं घेतलं, चाखलं, डोळे मिटून विचार केला.

"अजून जरा हलवा," ती म्हणाली, आणि शेजारणीकडं गप्पा मारायला गेली.